चारचौघांचा संगणक आणि न पोचणारा आवाज

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या प्रश्नांमध्ये एक गोष्ट समान होती. संगणक एकट्याचा नाही. तो अभ्यासिकेतला आहे, शाळेतला आहे, सोसायटीच्या कार्यालयातला आहे किंवा घरात तिघाचौघांनी आळीपाळीनं वापरायचा आहे. अशा संगणकावर हेडसेट खरोखर बिघडलेला क्वचितच निघतो. बहुतेकदा आधी बसून गेलेल्यानं काहीतरी बदललेलं असतं आणि पुढच्याला ते दिसत नाही. मेन्यूंची नावं विंडोज ११ प्रमाणे दिली आहेत. विंडोज १० वर ती थोडी इकडेतिकडे सापडतील.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत सहा संगणक आणि चार यूएसबी हेडसेट आहेत. मुलं ऑनलाइन मुलाखती आणि क्लाससाठी ते वापरतात. सकाळी तीन नंबरच्या टेबलावर नीट चाललेला हेडसेट दुपारी पाच नंबरवर लावला की ऐकू येतं, पण बोललेलं समोर पोचत नाही. परत तीनवर आणला तर कधी चालतो, कधी नाही. हेडसेट टाकून द्यायचा का?
– अभ्यासिका व्यवस्थापक, नेरूळ

उत्तर : टाकू नका. आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा, त्याला दोन मिनिटं पुरतात. ब्राउझर, झूम, टीम्स सगळं बंद करा. विंडोजचा साउंड रेकॉर्डर उघडा, दहा सेकंद बोला आणि ऐका. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर हेडसेट, वायर आणि विंडोज तिन्ही ठीक आहेत. मग चूक कॉलच्या अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्येच शोधायची. रेकॉर्डिंगच आलं नाही तर अ‍ॅपला हात लावू नका, तिथे काही सापडणार नाही.

तुमच्या वर्णनावरून मुख्य संशय यूएसबीच्या पोर्टवर आहे. यूएसबी हेडसेटच्या आत स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं. स्वस्त हेडसेटमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा अनुक्रमांक नोंदवलेला नसतो, त्यामुळे विंडोज त्याला पोर्टवरून ओळखतं. तोच हेडसेट शेजारच्या पोर्टमध्ये लावला की विंडोजच्या लेखी ते नवीन यंत्र. यादीत नावाच्या आधी ‘२-’ किंवा ‘३-’ लागलेलं दिसतं ते यामुळेच. नव्या नोंदीला आवाजाची पातळी कोरी मिळते, आणि अ‍ॅपनं मात्र जुनी नोंद लक्षात ठेवलेली असते. ती सापडली नाही की अ‍ॅप दुसरा कुठलातरी माइक पकडतं. बऱ्याचदा तो वेबकॅममधला असतो.

कुठला माइक चालू आहे हे ओळखायची सोपी रीत अशी. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड इथे जाऊन इनपुटखालची हलती पट्टी डोळ्यांसमोर ठेवा आणि हेडसेटच्या माइकवर नखानं हलकेच टकटक करा. मग वेबकॅमवर करा. ज्याच्यावर टकटक केल्यावर पट्टी उसळते तोच माइक निवडलेला आहे. अ‍ॅपमधल्या चाचणीच्या पट्टीवरही हाच प्रयोग करा, कारण विंडोजनं निवडलेला माइक आणि अ‍ॅपनं निवडलेला माइक वेगळे असू शकतात.

उपाय असा. चार हेडसेट चार टेबलांना कायमचे नेमून द्या आणि फिरवू नका. कॅबिनेटच्या मागच्या एकाच पोर्टमध्ये लावा, त्या पोर्टशेजारी आणि प्लगवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा. वीज न जोडलेला यूएसबी हब मध्ये घालू नका. त्यावर वेबकॅमही असला की आवाज तुटक येतो. झूममध्ये माइकच्या यादीत ‘सेम अ‍ॅज सिस्टम’ निवडा, मीटमध्ये ‘डिफॉल्ट’नं सुरू होणारी नोंद निवडा. मग अ‍ॅप विंडोजनं निवडलेलाच माइक घेतं आणि सांभाळायला एकच जागा उरते. आधीच गोंधळ झालेला असेल तर साउंडच्या पानावरच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये खाली ‘रीसेट’ आहे. प्रत्येक अ‍ॅपला वेगवेगळं नेमून दिलेलं सगळं त्यानं पुसलं जातं.

दुसरा संशय ‘कधी चालतो, कधी नाही’ यावरून येतो. झूममध्ये माइकची पातळी आपोआप कमीजास्त करण्याची सोय चालू असते आणि ती थेट विंडोजची पातळी हलवते. मोठ्या आवाजात बोलणारा कुणी मुलाखत देऊन गेला की पातळी खाली सरकून तिथेच राहू शकते. पुढच्या हळू बोलणाऱ्याचा आवाज मग पोचतच नाही. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ही खूण काढून टाका आणि विंडोजमध्ये इनपुटची पातळी ८० च्या आसपास ठेवा. टीम्समध्येही तशीच सोय आहे, तीही बंद करा.

तिसरी गोष्ट शिस्तीची. मुलं उठताना ‘स्विच यूजर’ करून जातात का ते पाहा. तसं केल्यास आधीच्याचं सत्र आत चालूच राहतं. त्यातलं कॉलचं अ‍ॅप माइक धरून बसलेलं असेल तर पुढच्याला तो मिळत नाही. प्रत्येकानं ‘साइन आउट’च करायचं, अशी पाटी टेबलावर लावा. माइक कुणी धरला आहे हे टास्कबारवर उजवीकडे दिसणाऱ्या छोट्या माइकच्या चिन्हावर माउस नेल्यावर कळतं, पण ते आपल्याच सत्रापुरतं. दुसऱ्याच्या सत्रात काय चाललं आहे ते तिथे दिसेलच असं नाही. अशा वेळी सरळ रीस्टार्ट करा.

प्रश्न : घरी जुना डेस्कटॉप आहे. मागे गुलाबी आणि हिरवं अशी दोन भोकं आहेत. मोबाइलचा माइकवाला इअरफोन हिरव्यात लावला तर ऐकू येतं, बोलता येत नाही. गुलाबीत लावला तर काहीच नाही. दुकानदारानं एक जोडवायर दिली, ती लावूनही तेच. मुलीचा क्लास याच संगणकावर असतो.
– पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मोबाइलच्या इअरफोनची पिन नीट पाहा. तिच्यावर तीन काळ्या कडा असतात, म्हणजे धातूचे चार भाग. टोकाचा भाग डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा, तिसरा अर्थचा, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक तारेचा, आणि बुडाचा माइकचा. तुमच्या डेस्कटॉपची दोन्ही भोकं तीन भागांच्या पिनसाठी आहेत. हिरव्यात फक्त ऐकायची सोय आहे; माइकच्या तारेला तिथे जायला जागाच नाही. गुलाबी भोक माइकचं आहे खरं, पण तुमच्या पिनमधला माइकचा भाग तिथल्या योग्य संपर्काला टेकत नाही.

जोडवायर लागते, पण बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या तीन मिळतात आणि गोंधळ इथेच होतो. पहिलीत एका पिनला दोन भोकं असतात आणि ती दोन जणांनी एकत्र गाणी ऐकण्यासाठी असते. तुम्हाला बहुधा हीच मिळाली. दुसरीतही एक पिन आणि दोन भोकं असतात, पण पिनवर तीन काळ्या कडा असतात. जुना दोन पिनांचा हेडसेट लॅपटॉपच्या एकाच भोकात लावायला ती वापरतात. तुम्हाला हवी आहे तिसरी : एका बाजूला चार भागांच्या पिनसाठी एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना, एकीवर हेडफोनची आणि दुसरीवर माइकची खूण. शे-दोनशे रुपयांत मिळते. दुकानात जाताना इअरफोन बरोबर न्या आणि पिना स्वतः मोजा.

ती लावल्यावर हेडफोनच्या खुणेची पिन हिरव्यात, माइकच्या खुणेची गुलाबीत. मग साउंडच्या पानावर खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा, ‘रेकॉर्डिंग’मध्ये माइकवर उजवी क्लिक करून तो डिफॉल्ट करा. माइक यादीत दिसतच नसेल तर रिकाम्या जागी उजवी क्लिक करून बंद ठेवलेली यंत्रं दाखवायला सांगा; कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. आवाज बारीक येत असेल तर माइकच्या ‘लेव्हल्स’मध्ये ‘मायक्रोफोन बूस्ट’ असतो. +१० डेसिबल देऊन पाहा, फार तर +२०. +३० केलं तर मुलीच्या आवाजाबरोबर पंखाही क्लासला बसेल.

कधी कधी योग्य जोडवायर असूनही ऐकू येणारा आवाज पोकळ येतो, वाद्यं ऐकू येतात पण बोलणारा माणूस लांब गेल्यासारखा वाटतो. इअरफोनवरचं बटण दाबून धरलं की सगळं ठीक होतं. तसं झालं तर इअरफोन जुन्या जोडणीचा आहे, म्हणजे अर्थ आणि माइक हे दोन भाग उलट आहेत. काही जुन्या मोबाइलबरोबर असे इअरफोन येत. तो बदलणं बरं. मात्र त्याआधी पिन पूर्ण आत गेली आहे ना ते बघा, कारण अर्धवट बसलेली पिनही हेच लक्षण दाखवते.

आणखी एक. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची भोकं चालत नाहीत म्हणून बरेच जण साउंड कार्ड गेलं असं समजतात. पुढच्या भोकांची वायर मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या जागी जोडावी लागते. संगणक जुळवणाऱ्यानं ती जोडलीच नाही किंवा साफसफाईत निसटली तर पुढची भोकं नुसती शोभेची राहतात. मागची चालत असतील तर मागचीच वापरा.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात एका मुलानं मीटमध्ये माइकची परवानगी विचारल्यावर ‘ब्लॉक’ दाबलं. तेव्हापासून त्या संगणकावर कुणालाच बोलता येत नाही.
– शिक्षिका, वाशी

उत्तर : परवानगी क्रोमच्या प्रोफाइलमध्ये साठते आणि तुमच्याकडे सगळी मुलं एकाच प्रोफाइलमध्ये बसत असणार. मीटचं पान उघडून पत्त्याच्या डावीकडे पाहा. दोन आडव्या रेषांचं चिन्ह असेल, जुन्या आवृत्तीत कुलूप. तिथे माइक चालू करा आणि पान पुन्हा लोड करा. लोड न करता बदल लागू होत नाही असं समजूनच चाला.

तरीही नाही झालं तर विंडोजच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. इथे तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरचं बटण पूर्ण संगणकासाठी असतं आणि ते फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला हलवता येतं. दुसरं त्या खात्यातल्या अ‍ॅपसाठी. तिसरं, अगदी खाली, डेस्कटॉप अ‍ॅपसाठी, आणि क्रोम त्यातच मोडतं. तिसरं बंद असेल तर क्रोममध्ये कितीही परवानग्या दिल्या तरी उपयोग नाही. मुलांचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. मग निदान वरचं बटण तरी शाबूत राहील.

प्रश्न : सोसायटीच्या सभेला काही सदस्य क्लबहाउसमध्ये असतात, काही घरून जोडलेले. क्लबहाउसमध्ये एक सामायिक लॅपटॉप आणि स्पीकर. तिथे आलेले तिघेचौघे आपापल्या मोबाइलवरूनही सभेत येतात, मग शीळ वाजते. घरी बसलेले म्हणतात, आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येतो. आम्ही त्यांना म्यूट करतो, तरी थांबत नाही.
– सचिव, खारघर

उत्तर : चुकीच्या माणसांना म्यूट करता आहात. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो. त्याचा आवाज दुसऱ्या टोकाच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिथल्या माइकमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परततो. म्हणजे दोष क्लबहाउसमध्ये आहे.

प्रत्येक अ‍ॅप स्वतःच्या स्पीकरचा आवाज स्वतःच्या माइकमधून वजा करतं. आपण काय वाजवलं हे त्याला ठाऊक असतं म्हणून ते जमतं. पण लॅपटॉपच्या स्पीकरनं काय वाजवलं हे शेजारच्या खुर्चीतल्या मोबाइलला ठाऊक नसतं. तो ते नव्यानं ऐकून सभेत पाठवतो, लॅपटॉप ते पुन्हा वाजवतो, आणि शीळ सुरू.

एका खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर, हा नियम कडक ठेवा. मोबाइलवर नुसतं म्यूट करून भागत नाही, त्याचा स्पीकरही बंद हवा. त्यापेक्षा मोबाइलवरून जोडताना ऑडिओ न घेताच या. झूममध्ये ऑडिओ जोडायचा पर्याय येतो तो सोडून द्यायचा, टीम्समध्ये ‘डोन्ट यूज ऑडिओ’ आहे. मीटमध्ये ‘कंपॅनियन मोड’ खास याचसाठी आहे. त्यात मतदान करता येतं, लिहिता येतं, आवाज मात्र जोडला जात नाही.

लॅपटॉपला ब्लूटूथ पार्टी स्पीकर जोडलेला असेल तर तो काढा. त्यातून आवाज उशिरा बाहेर पडतो आणि वजाबाकी चुकते. वायरचा स्पीकर घ्या आणि तो माइकच्या मागे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. सभा नेहमीच अशा होत असतील तर बैठकीच्या टेबलावर ठेवायचा यूएसबी स्पीकरफोन घ्या. माइक आणि स्पीकर एकाच डबीत असल्यानं वजाबाकी तीच करते. इथे मात्र पैसे खर्च करणं योग्य आहे. कोपऱ्यात बसून कुजबुजणाऱ्या सदस्यांसाठी कुठलाच माइक नाही, त्यांना पुढे बोलवा.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवते. लॅपटॉप घरातल्या सगळ्यांचा. झूमवर शिकवताना विद्यार्थिनी सांगतात की तानपुरा मध्येच गायब होतो, लांब षड्ज तुटतो आणि हार्मोनियम पाण्यातून वाजल्यासारखी येते. मुलाच्या ऑफिसच्या मीटिंग त्याच लॅपटॉपवर उत्तम होतात.
– गायन शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : मुलाच्या मीटिंग उत्तम होतात तेच कारण आहे. बोलण्यासाठी केलेली गाळणी गाण्याचा घात करते. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं ती धरून चालते आणि पुसून टाकते. तानपुरा सतत चालतो. लांब लावलेला षड्जही तिला तसाच वाटतो.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आवाजाची प्रोफाइल ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा. तिच्याखाली ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ला खूण करा. ‘एको कॅन्सलेशन’ची खूण काढा, पण मग हेडफोन घालणं सक्तीचं होतं, नाहीतर विद्यार्थिनींना स्वतःचे आवाज परत ऐकू येतील. ‘स्टीरिओ’ची गरज नाही, एकाच माइकनं उगाच डेटा वाढतो. मीटिंग सुरू झाल्यावर वर डाव्या कोपऱ्यात ओरिजिनल साउंडचं बटण दिसतं, ते ‘ऑन’ आहे हे प्रत्येक वेळी बघा. माइकची पातळी आपोआप बदलण्याची खूणही काढा. नाहीतर तार सप्तकात गेलात की आवाज दाबला जाईल आणि खर्जात तानपुराच वर येईल.

इथवर करूनही षड्ज तुटत असेल तर गाळणी विंडोजमध्ये आहे. साउंडच्या पानावर तुमच्या माइकवर क्लिक करा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. काही लॅपटॉपमध्ये कंपनीचं स्वतःचं आवाजाचं अ‍ॅपही असतं, त्यातही नॉइज रिडक्शन असू शकतं. तीन ठिकाणी तीन गाळण्या असतात आणि एक जरी चालू राहिली तरी पहिल्या दोन बंद करणं वाया जातं. मुलाला मीटिंगसाठी या सगळ्या चालू हव्या असतील, म्हणून विंडोजमध्ये तुमचं वेगळं खातं करा. झूमची निवड त्यानं वेगळी राहते. विंडोजची एन्हान्समेंट मात्र माइकवर बसलेली असते, खात्यावर नाही असं धरा. म्हणून तुमच्यासाठी वेगळा यूएसबी माइक घेतलात तर रोजची खटपट वाचेल. तो तोंडापासून हातभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा. ऑफिसच्या हेडसेटचा ओठांजवळचा माइक गाण्याला चालत नाही, कारण तो बोलण्याच्या पट्टीपुरताच आवाज नीट उचलतो आणि श्वासाचे फटके घेतो.

विद्यार्थिनींनी त्यांच्या बाजूलाही हेच करायला हवं, कारण तुम्हाला त्यांचा सूर तपासायचा आहे. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठीही झूमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये ओरिजिनल साउंड आहे, त्याच्या सेटिंगमधून आधी दाखवायला लावावं लागतं.

तालाचं मात्र कुठल्याच सेटिंगनं जमणार नाही. चांगल्या कॉलमध्ये एका बाजूनं जाणारा आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मार्गदर्शन आहे. तेवढाच उशीर धरला तरी जाऊन-येऊन ३०० होतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे तुमच्या ठेक्यावर ती अचूक गायली तरी तुम्हाला ती मात्राभर मागे ऐकू येणार आणि तुम्ही तिला उगाच रागावणार. तबला विद्यार्थिनीच्या बाजूला वाजू द्या, तुम्ही फक्त ऐका. तानपुऱ्याला ही अडचण नाही, तो कुठल्याही बाजूला वाजला तरी चालतो.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर गाणी सुरेख ऐकू येतात. मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. शिवाय लॅपटॉप बहीण वापरते तेव्हा तिच्या मीटिंगचा आवाज माझ्या कानात येतो.
– ऐरोली

उत्तर : ब्लूटूथच्या नेहमीच्या पद्धतीत दोन वाटा आहेत. एक फक्त ऐकण्याची, चांगल्या प्रतीची. दुसरी ऐकण्या-बोलण्याची, फोनसाठी केलेली. अ‍ॅपनं हेडफोनचा माइक मागितला की पहिली वाट बंद होऊन दुसरी सुरू होते. तिच्यात आवाज सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांत बसवलेला असतो. ८,००० असतील तर ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही, आणि ‘स’ व ‘फ’ यांचा फरक बहुतांशी तिथेच असतो. नावं आणि आकडे पुन्हा पुन्हा विचारावे लागतात ते त्यामुळे.

मीटिंगमध्ये ऐकायला ब्लूटूथ ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा आतला निवडा. मग दुसऱ्या वाटेची गरजच पडत नाही. गजबजलेल्या खोलीत हे चालणार नाही, तिथे वायरचाच हेडसेट बरा. ब्लूटूथ एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण सुटते, पण लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हींत ती असायला हवी.

बहिणीच्या मीटिंगचं : उठताना हेडफोन बंद करा, नुसता गळ्यात ठेवू नका. चालू असेपर्यंत तो ओळखीच्या लॅपटॉपला जोडलेलाच राहतो.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावला की समोरच्यांना माझ्या माइकमधून सतत ‘हूंऽऽ’ ऐकू येतं.
– चरई, ठाणे

उत्तर : चार्जर काढून बॅटरीवर बोला. हूं थांबलं तर माइक निर्दोष आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि अर्थिंग नीट नसेल तर तीच घरघर ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून माइकच्या तारेत उतरते. जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो पण तिसऱ्याला वायरच नसते. चार्जर तीन पिनांचा असून त्याला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आधी काढा. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर करून पाहा. फरक पडला तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आवाजाचं सोडा, शॉकचा प्रश्न आहे. तोपर्यंत मीटिंग बॅटरीवर करा किंवा यूएसबी हेडसेट वापरा, त्यात माइकचा आवाज लॅपटॉपच्या जॅकमध्ये न जाता हेडसेटच्याच कार्डात आकड्यांत बदलतो.

प्रश्न : मीटिंग सुरू झाली की मागे लावलेलं व्याख्यान आपोआप एकदम बारीक होतं.
– विद्यार्थी, घणसोली

उत्तर : मोअर साउंड सेटिंग्ज, ‘कम्युनिकेशन्स’. कॉल आला की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं तिथे ठरलेलं असतं. ‘डू नथिंग’ निवडा. मीटिंगमध्ये व्याख्यान का लावलं, ते विचारत नाही.

प्रश्न : क्लासमधले दहा हेडसेट रोज वेगवेगळी मुलं घालतात. पावसाळ्यात कानाच्या गाद्यांना वास येतो, काहींची पापुद्रे निघताहेत. सॅनिटायझर फवारतो, तरीही.
– क्लासचालक, बेलापूर

उत्तर : फवारू नका. पापुद्रे त्यानंच लवकर निघतात. रेक्झिनसारख्या गादीवर अल्कोहोल वारंवार लागलं की ती कडक होते आणि तडकते. फवाऱ्याचे थेंब माइकच्या भोकात गेले तर माइकही जातो.

कडक प्लॅस्टिक, दांडी आणि माइकचा हात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. द्रव कापडावर घ्यायचा, हेडसेटवर ओतायचा नाही, आणि त्याआधी प्लग काढायचा. गाद्या ओलसर कापडाला सौम्य साबण लावून पुसा, मग कोरड्या कापडानं. माइकवरची स्पंजची टोपी काढून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच चढवा. ओली टोपी चढवली तर आवाज बसका येतो आणि आतला भाग गंजतो. माइकच्या भोकात टाचणी घालून मळ काढायचा मोह आवरा, आत पातळ पडदा असतो.

रोज माणसं बदलतात तिथे न विणलेल्या कापडाची टाकाऊ कानटोपणं सर्वांत बरी. घेण्याआधी गादीचा व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा. लहान पडलं तर निसटतं, मोठं पडलं तर चुण्या पडून बोलताना खसखस होते. पापुद्रे निघालेल्या गाद्या वेगळ्या मिळतात, त्यासाठी हेडसेट फेकायची गरज नाही.

रात्री हेडसेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पण घामेजलेले लगेच बंद करू नका, तासभर हवेवर राहू द्या. खाडीकडच्या दमट हवेत ३.५ मिलिमीटरच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि खरखर सुरू होते. पिन अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसली की बहुधा थांबते. वायर हेडसेटभोवती आवळून गुंडाळायची सवय मुलांना लावू देऊ नका, ती प्लगपाशी आतून तुटते. तुटली आहे का हे बघायला साउंड रेकॉर्डर चालू ठेवून प्लगजवळची वायर हळूहळू वाकवत बोलत राहा. रेकॉर्डिंगमध्ये आवाज जातो-येतो झाला तर वायर बदला किंवा तो हेडसेट नुसता ऐकण्यासाठी बाजूला काढा. दहांमागे एक तपासलेला हेडसेट कपाटात जादा ठेवा, आणि त्याला कुणाच्याही टेबलाचा रंग लावू नका.